शेवटच्या हौदातलं पाणी

९ फेब्रुवारी

दादा,

'सप्रेम नमस्कार' लिहीत नाही. प्रेम सध्या शिल्लक नाही, आणि नमस्कार तुला रोज पुष्कळ मिळत असतील. फोन तू उचलत नाहीस. मेल केली की तुझी सेक्रेटरी लिहिते, 'सरांना कळवलं आहे.' सर! माझ्या वेण्या ओढणारा माणूस सर झाला. म्हणून हा कागद. निदान तुझ्या टेबलावर येऊन पडेल, आणि अक्षर ओळखून फाडायच्या आधी तू एकदा तरी नजर टाकशील.

भांडण उकरायला लिहीत नाहीये. तुझ्या निरोपसमारंभात मी चारचौघांत म्हणाले होते, की वाफ्याचा दुसरा उन्हाळा बघायच्या आतच दादा पळ काढतोय. सगळे हसले, तू नाही हसलास. बहिणीच्या थट्टेवरून माणूस दोन वर्षं अबोला धरतो हे मी तुझ्यातच पाहिलं. असो. तुझा तो मान, तुझं ते नाक. कामाचं बोलते.

तुझा वाफा आजारी आहे.

परवा पहिल्या वर्षाच्या मुलांना घेऊन गेले होते. दरवर्षीचं पाठ झालेलं बोलत होते: हे बघा, वसतिगृहाचं सांडपाणी इथे वरच्या तोंडाशी येतं, खडीतून आणि पाणकणसाच्या मुळांमधून सावकाश खाली सरकतं, आणि शेवटच्या हौदात स्वच्छ होऊन बाहेर पडतं. ना यंत्र, ना वीज. हे सांगत असताना माझ्याच नाकावर रुमाल होता. वरच्या तोंडाशी उभं राहवत नाही, दादा. कँटीनचं तेल थिजून त्याची साय धरलीय, तिच्यावर माश्या घोंघावताहेत, कणसं काळी पडून आडवी झालीत. सांडपाणी आत शिरायला जागाच नाही, ते बाजूने ओघळून भिंतीमागच्या नाल्यात जातंय. एक मुलगी कडेला जाऊन ओकली. आणि तिथून चालत खाली यावं, तर शेवटच्या हौदात नितळ पाणी, तळाचा खडा न खडा दिसतोय. मुलांनी टाळ्या वाजवल्या. दरवर्षी मीही वाजवते. या वेळी मला त्या पाण्याचीच शिसारी आली. वर एवढं सगळं मेलेलं असताना हे असं बाहेर येतंच कसं?

बैठकीत हेच विचारलं. बैठक म्हणजे आपल्या केंद्राची, ते आंतरविद्याशाखीय वगैरे. संचालकांना मी हल्ली समन्वयबुवा म्हणते, कारण दर वाक्यात एकदा 'समन्वय' आल्याशिवाय त्यांचा श्वास मोकळा होत नाही. ते म्हणाले, "मॅडम, हौदातल्या पाण्याचे आकडे उत्तम आहेत." मी रसायनवाल्याकडे बघितलं. तो म्हणाला, "मी हौदातलं मोजतो. वरच्या तोंडाचं माझ्या वाट्याला नाही." मग कुणाच्या वाट्याला आहे? कुणाच्याच नाही. तुला आपला अहवाल लिहायची पद्धत आठवते ना, तूच घालून दिलेली. रसायनवाला निळ्या रंगात लिहितो, अर्थशास्त्राच्या बाई पिवळ्या, मी मातीवाली म्हणून तपकिरी, तू हिरव्या. आणि दुसऱ्याच्या रंगात बोट घालायचं नाही, तो अपमान. त्यामुळे अर्थशास्त्राच्या बाई निळ्याचा आकडा उचलून वाफ्याची किंमत काढतात, रसायनवाला त्या किमतीचा दाखला देऊन आपलं मोजमाप किती महत्त्वाचं आहे ते सांगतो, आणि सगळ्यांच्या वर तुझा हिरवा परिच्छेद तसाच आहे, कुणी त्याला हात लावलेला नाही. याला आम्ही एकत्र संशोधन म्हणतो.

पण लिहायचं कारण हे नाही. बुवांनी जाहीर केलंय की टेकडीवरच्या निवासी शाळेत असाच वाफा बांधायचा. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात करार. तू प्रमुख पाहुणा, रचनाकार म्हणून तुझी सही. मी शाळा बाहेरून पाहिली आहे. त्या मुलांची प्यायची विहीर उताराला, वाफ्याच्या ठरवलेल्या जागेच्या बरोबर खाली आहे. इथे वाफा तुंबला तर घाण नाल्यात जाते. तिथे विहिरीत जाईल.

मला वाटतं कँटीनची मोरी मागाहून कुणीतरी वाफ्याला जोडली असावी. तुझ्याकडे मूळ नकाशा असेल. तो पाठव, म्हणजे दुरुस्ती करता येईल, आणि तोवर शाळेची सही थांबव. एवढंच मागतेय. बाबा बरे आहेत, गुडघे सोडून.

तुझी बहीण

२४ फेब्रुवारी

दादा,

तुझं उत्तर मिळालं. म्हणजे तुझ्या सेक्रेटरीचं. 'आपल्या पत्राची नोंद घेतली आहे. सर समारंभाला उपस्थित राहतील. शुभेच्छा.' शुभेच्छा कसल्या, डोंबलाच्या? मी काय लग्नाची आमंत्रणपत्रिका पाठवली होती?

ते पत्र बाबांच्या हाती पडलं. पाकिटावर तुझ्या विद्यापीठाचं नाव पाहून त्यांना उकळ्या फुटल्या. उघडून वाचलं आणि म्हणाले, "येतोय वाटतं." मग दिवसभर तेवढंच. गणिताच्या मास्तरांना मुलगा हुशार निघाल्याचा केवढा आनंद असतो ते तुला मी सांगायला नको. दुकानदाराला सांगून झालं, शेजाऱ्यांना सांगून झालं. माझ्याबद्दल विचारलं तर म्हणतात, "ती मातीत असते."

मी शाळेत जाऊन आले. मुख्याध्यापिका बाई भल्या आहेत, आवाज बसलेला, सतत घाईत. त्यांचा सांडपाण्याचा जुना खड्डा भरलाय आणि वारा फिरला की वर्गात वास येतो, म्हणून त्या मेटाकुटीला आल्यात. मला म्हणाल्या, "खरं सांगू का? तुमच्या विद्यापीठाचं नाव ऐकून मी हो म्हटलं नाही. अहवालातलं तर मला काही कळलंही नाही. पण तुमच्या भावाचा फोटो पाहिला, त्या वाफ्यातून आलेलं पाणी ग्लासातून पिताना. म्हटलं, जो माणूस स्वतः पितो त्याच्यावर विश्वास ठेवायला काय हरकत आहे?"

तो फोटो! आता तर पाणी पिणं हा आपल्याकडचा विधीच होऊन बसलाय. पाहुणा आला की त्याला शेवटच्या हौदापाशी न्यायचं, काचेचा ग्लास बुडवायचा, बुवांनी अर्धा प्यायचा, पाहुण्याने उरलेला. फोटो. मग बुवा ओठ पुसत म्हणतात, "निसर्ग आणि विज्ञान यांचा समन्वय."

मुलांनी मला विहीर दाखवली. एकीने विचारलं, "झाडं खरंच घाण खातात का?" मी म्हटलं, थोडी खातात. "आणि उरलेली?" मी तिथून चहाही न घेता निघाले.

परत आल्यावर बैठकीत म्हटलं, नुसत्या हौदातलं नको, मधल्या खडीतलंही पाणी तपासू या. बुवा गोड हसले. "मॅडम, तुमचा विषय माती. हा प्रश्न पाण्याचा आहे. आपण एकमेकांच्या क्षेत्राचा आदर करू या." ज्या केंद्राच्या दारावर 'भिंती पाडा, ज्ञान जोडा' असं लिहिलंय तिथला संचालक हे म्हणतो, आणि बाकीचे मूग गिळून बसतात. अर्थशास्त्राच्या बाई तर फोनमध्ये बघत होत्या. बाहेर आल्यावर माझा हात धरून म्हणाल्या, "तू म्हणतेस ते बरोबर असेल गं, पण समारंभ तोंडावर आलाय." समारंभ तोंडावर आणि घाण पायाशी. मला या माणसांचा वीट आलाय.

बरं, माझा विषय माती, तर मातीच बघते. दर मार्चला दुसऱ्या वर्षाच्या मुलांकडून मी खड्डा खणून घेते, मातीचे थर वाचायला. यंदा तो खड्डा वाफ्याच्या बांधात, शेवटच्या हौदाच्या बाजूला. त्याला कुणाची परवानगी लागत नाही, अभ्यासक्रमातच आहे.

नकाशा पाठव रे. मागून मागून कंटाळा आला.

तुझी बहीण

१३ मार्च

दादा,

सापडलं.

आज मुलांनी बांधात खड्डा घेतला. वरची काळी माती गेली, खालची पिवळी चिकण लागली, ती कापत कापत तळाशी आलो तर पहारीखाली टणत्कार झाला. पाईप. मनगटाएवढा, थेट हौदाकडे गेलेला. कान लावला तर आत पाणी वाहतंय. मी मागोवा घेत गेले. वसतिगृहाच्या गच्चीवर प्यायच्या पाण्याची जी टाकी आहे ना, तिच्यापासून तो येतो. टाकीखालचा कॉक मी स्वतः पिळून बंद केला. परत येऊन हौदाशी बसले. मुलं डबे खात होती. तासाभरात हौदात खालून येणारं पाणी थांबलं, आणि मग खडीतून जे खरं पाणी झिरपत येतं ते दिसायला लागलं. काळसर, फेसाळ. वास असा की मुलांनी डबे बंद केले. हे तुझ्या वाफ्याचं पाणी, दादा. इतके दिवस त्याच्यात प्यायचं पाणी ओतून ते आम्ही मोजत होतो.

शी! मला नुसतं लिहितानाही किळस येते. इथे आल्यापासून मुलांच्या पेपरात मी प्रश्न घालतेय, 'वाफ्यात पाणी शुद्ध होण्याची प्रक्रिया स्पष्ट करा.' आणि ती बिचारी स्पष्ट करताहेत! मुळांवरचे जिवाणू, प्राणवायू, आकृती काढून. या उत्तरांवर मी मार्क दिलेत. खरं उत्तर एका ओळीचं होतं: कॉक उघडा ठेवा.

रसायनवाल्याला ओढत घेऊन आले. तो नाक दाबून उभा राहिला आणि म्हणाला, "मी पाणी मोजतो, पाईप नाही मोजत." वर मलाच विचारतो, "कॉक कधी उघडणार? उद्या नमुना घ्यायचाय." मी त्याला काय म्हणाले ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

तुझ्या पश्चात तुझ्या कामाची ही माती केली या लोकांनी. तू गेलास, वाफा तुंबला, आणि आकडे पडायला नकोत म्हणून कुणीतरी गुपचूप पाईप घातला. हे बुवांशिवाय दुसऱ्या कुणाचं काम असेल? तुझं नाव, तुझा वाफा, आणि यांचा नळ. तू ताबडतोब ये. किंवा शाळेला चार ओळी लिही की सही करणार नाही. तुझ्या शब्दापुढे बुवांचं काही चालायचं नाही.

मुलांनी खड्ड्याच्या भिंतीची चित्रं काढलीत, थर रंगवून. उद्या तपासायला बसेन. मी मात्र तिथे उतरून नीट पाहिलं नाही. पाय चिखलात होते, उजेड कमी होता. उद्या बघेन.

तुझी बहीण

१५ मार्च

दादा,

उजेड कमी नव्हता. लख्ख ऊन होतं. मी परवाच पाहिलं होतं, आणि पाहून मान फिरवली होती.

तुला माती कधीच कळली नाही, म्हणून शिकवते. जमीन एकदा खणली आणि परत बुजवली, की ती पूर्वीसारखी होत नाही. खालची पिवळी ढेकळं वरच्या काळ्यात मिसळतात, काळी खाली जाते, सगळी खिचडी होते. कितीही चोपा, कितीही वर्षं जाऊ देत, भिंतीत ती खाच उभी दिसते. मी हे वर्गात दरवर्षी सांगते, माझं पोट त्यावर चालतं.

त्या पाईपवर खाच नाही. त्याच्यावर चिकणमातीचे थर आहेत, एकावर एक, रोलरने दाबलेले, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत अखंड. त्यांच्यावर काळी माती, तीही अखंड. तिथे नंतर कुणीही खणलेलं नाही. आधी पाईप टाकला, मग त्यावर बांध घातला. बांध तू घातलास. मी तेव्हा दुसरीकडे शिकवत होते, पण तू फोनवर सांगायचास ना, रोज गमबूट घालून रोलरपुढे उभा असतो, माझ्या नजरेआड एक ढेकूळ इकडचं तिकडे होत नाही.

मुलांची चित्रं तपासली. सगळ्यांनी बरोबर काढलंय. पाईप, त्यावर सलग थर. एकाने तर खाली लिहिलंय, 'पाईप बांधाच्या आधीचा असावा.' सगळ्यांना पूर्ण मार्क दिले. दुसरं काय करणार होते?

म्हणजे तो पहिल्या दिवसापासून आहे. पाहुणे, बक्षीस, मोठ्या विद्यापीठातली खुर्ची, सगळं त्याच्या नंतरचं. माझी नोकरीही त्याच्या नंतरची, तूच मला इथे आणलंस. म्हणून फोटोत पाणी पिताना तुझा चेहरा इतका निवांत आहे. तुला माहीत होतं की तू टाकीचं पाणी पितोयस. त्या मुख्याध्यापिका बाईंनी ज्या घोटावर विश्वास ठेवला तो घोट नळाचा होता. आणि निरोपाच्या दिवशी तू हसला नाहीस, ते माझ्या थट्टेने दुखावलास म्हणून नाही, मी नकळत खरं बोलून गेले म्हणून. मी दोन वर्षं स्वतःला बोल लावून घेतेय की जीभ आवरायला हवी होती. हे आठवलं की माझाच मला संताप येतो.

मला तुझ्या तोंडून ऐकायचंय की माझं चुकतंय. मातीचं वाचन चुकलं म्हण, काहीही म्हण. सेक्रेटरीकडून नको.

२२ मार्च

दादा,

काल तुझा फोन आला. दोन वर्षांनी तुझा आवाज ऐकला आणि पहिलं वाक्य काय, तर "हे पत्र आणखी कुणी वाचलंय का?" मी कशी आहे, बाबा कसे आहेत, काही नाही.

फोनवर मला दोन शब्दांच्या पुढे बोलू दिलं नाहीस, म्हणून इथे एकेकाचं उत्तर देते.

तू म्हणालास, पाईप फक्त रोपं रुजेपर्यंत होता, सगळेच तसं करतात. खोटं बोलायचं तर जरा बरं तरी बोल. रोपांना पाणी द्यायचं असतं तर पाईप वरच्या तोंडाशी उघडला असता. हा थेट शेवटच्या हौदात उघडतो, जिथे एकही रोप नाही. तिथे फक्त नमुन्याची बाटली बुडवतात.

तू म्हणालास, वाफा अगदीच वाईट नव्हता, थोडं कमी पडत होतं, तेवढी भर घातली, पुढे सुधारणा करणार होतो. मग केली का नाहीस? "लोक येत राहिले गं. आकडे छापून आले. मग मागे कसं फिरणार?" तुझं एवढं एकच वाक्य मला खरं वाटलं. तिथे तुझा आवाजही बदलला होता. पण दादा, तू मागे फिरला नाहीस ते नाहीसच, आता पुढे चाललायस, थेट मुलांच्या विहिरीपर्यंत.

विहिरीचं विचारलं तर म्हणालास, "शाळेलाही एक पाईप देऊ की. टाकी आहे त्यांच्याकडे." मला आधी वाटलं मी चुकीचं ऐकलं. त्यांच्या प्यायच्या टाकीतलं पाणी त्यांच्या घाणीत ओतायचं, म्हणजे हौदात चांगलं दिसेल, आणि उरलेली घाण उतारावरून विहिरीत! हे तू विचार करून बोललास. पुन्हा विचारलं तर, "विहिरीचं बघणं माझ्या कक्षेत येत नाही." अगदी रसायनवाल्याच्या सुरात. आता कळलं, तो सूर इथे कुणी आणला.

मग तू मला तुझ्या विद्यापीठातली जागा देऊ केलीस. शिसारी या शब्दाच्या पुढचा शब्द आपल्या भाषेत असला तर मला कळव.

आणि शेवटी, "बाबांना सांगू नकोस. त्यांना सहन व्हायचं नाही." बाबा तेव्हा माझ्यासमोर बसून पेपर वाचत होते. "कुणाचा गं?" म्हणाले. मी म्हटलं, "ऑफिसचा." तुझ्यासाठी खोटं बोलले. फोन ठेवून तोंड धुऊन आले तरी जिभेवरून ती चव जाईना.

तू पत्राला उत्तर देऊ नकोस. शाळेला लिही. आठवडाभर वाट बघते.

६ एप्रिल

दादा,

शाळेला तुझं पत्र गेलं नाही. समारंभालाही तू आला नाहीस. 'प्रकृतीच्या कारणास्तव'. बुवांनी व्यासपीठावरून तुला आराम पडो म्हणून प्रार्थना केली. करार मात्र झाला नाही. कसा झाला नाही, ते तुला बुवा सांगतील त्याहून वेगळं आहे, म्हणून मीच लिहिते.

आठवडा संपला तशी मी एकटी शाळेत निघाले होते. बाबांनी विचारलं, "कुठे?" पुन्हा खोटं बोलायचं माझ्या जिवावर आलं. सांगितलं सगळं. वहीवर चित्र काढून दाखवलं, पाईप, थर, हौद, विहीर. झाल्यावर त्यांनी दोनच प्रश्न विचारले.

"शाळेची विहीर खाली आहे?"

"हो."

"हे त्याला माहीत आहे?"

"हो, बाबा."

"मग माझी काठी दे," म्हणाले.

टेकडी चढताना तीनदा थांबावं लागलं. मी म्हटलं, तुम्ही कशाला, मी सांगते ना. तर म्हणाले, "तू सांगितलंस तर ते बहीणभावाचं भांडण होईल."

मुख्याध्यापिका बाईंना वाटलं, कौतुक ऐकायला आलेत. "या या, सरांचे वडील! अरे खुर्ची आणा!" चारदोन मुलांनाही हाक मारली, बघा, ते वाफावाल्या सरांचे बाबा. बाबा खुर्चीवर बसले नाहीत. काठीवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले. मी धरायला गेले तर त्यांनी कोपराने मला बाजूला केलं.

"बाई," म्हणाले, "मीही शिक्षक होतो. गणित शिकवायचो. माझ्या मुलाने उत्तर आधी लिहिलं आणि आकडेमोड मागाहून जुळवली. तुम्ही ते उतरवून घेऊ नका."

बाईंना आधी कळलंच नाही. मग मी पाईपचं सांगितलं. त्यांनी मुलांना वर्गात पाठवलं आणि स्वतःच त्या खुर्चीवर बसल्या. माझ्यावर चिडल्या. "मग आता आमच्या भरलेल्या खड्ड्याचं मी काय करू? तुमचे अहवाल वाचू?" त्यांचं बरोबरच होतं. मी म्हटलं, खड्डा उपसून दुरुस्त करावा लागेल, त्यात मिरवण्यासारखं काही नाही, फोटोही निघणार नाही, पण विहीर वाचेल. मी येत जाईन. "येत जाईन असं सगळेच म्हणतात," म्हणाल्या. पण सही त्यांनी केली नाही. समारंभात बुवांनी पेन पुढे केलं, तेव्हा माईकवरच म्हणाल्या, "आधी तो गच्चीवरचा कॉक बंद करून मला पाणी दाखवा." बुवांचा समन्वय घशातच अडकला.

आता केंद्रातले सगळे माझ्या जिवावर उठलेत. खड्डा बुजवला, त्यावर हिरवळ आणून चिकटवली. मला अहवालातून काढलंय, त्यात तपकिरी रंग उरलेला नाही. खड्ड्याचा तास अभ्यासक्रमातून जाणार, 'परिसराला इजा होते' म्हणून. वाफ्याला इजा! रसायनवाला जिन्यात भेटला की भिंतीकडे बघतो. नोकरी राहील की जाईल ते सांगता येत नाही. मुलांची चित्रं मी घरी आणून ठेवलीत. मागितली तर देणार नाही.

शाळेतून परतताना बाबा वाटेत एकदा बसले आणि तिथेच, रस्त्याच्या कडेला, त्यांना ओकारी झाली. मी पाठ चोळत राहिले. ऊन लागलं म्हणाले. ऊन नव्हतं.

कालपर्यंत त्यांनी तुझं नाव काढलं नाही. काल ताटावर बसले आणि म्हणाले, "त्याला लिहिणार आहेस का?" मी म्हटलं, काय लिहू? तर म्हणाले, "आधी त्या शाळेत जा म्हणावं. त्या मुलांपुढे उभा राहा आणि स्वतःच्या तोंडाने सांग. मग घरी ये. कितीही उशीर झाला तरी मी जेवायचा थांबेन."

मी विचारलं, "आणि आधी इथेच आला तर?"

"तर तू दार उघड," म्हणाले. "मी उठणार नाही."

मी उघडेन की नाही, मला सांगता येत नाही.

तुझी बहीण